धोट्यांचा ठेका

तांडापेठेत फुटबॉलवर नत्थूजीएवढं बोलणारा दुसरा माणूस नव्हता, आणि दुसऱ्याचं न ऐकणाराही नव्हता. माणूस विणकर, लुगड्याच्या काठावर हात बसलेला. पण संध्याकाळी माग सोडला की तो थेट बाबनरावच्या चहाच्या ठेल्यावर. तिथल्या बाकड्यावर बसून त्याने विणकर क्लबाचे किती कप्तान चढवले आणि किती उतरवले. क्लबाला सेक्रेटरी होता, कमिटी होती, सगळं होतं. पण ठेल्यावर नत्थूजी नाही म्हणाला की कमिटी गपगुमान घरी जायची.

विणकर क्लबाचा खेळ म्हणजे जमिनीवरचा खेळ. छोटे छोटे पास, बॉल या पायातून त्या पायात, घोट्याच्या वर उडू द्यायचा नाही. पोरं सगळी अंगाने किरकोळ, हवेतल्या बॉलसाठी कुणाशी टक्कर घेणार? म्हणून कुण्या जुन्या कप्तानाने हा खेळ बसवला आणि पुढे तीच तांडापेठेची इज्जत होऊन बसली. मॅचला जाताना माणसं घरून दोन दोन धोटे घेऊन जायची. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा, टोकांना लोखंड बसवलेला. आपल्या पोराने जमिनीवरून पास दिला की सगळे मिळून धोट्यावर धोटा आपटायचे, खट्. पुढचा पास, पुन्हा खट्. आणि कुणी घाबरून बॉल वर उडवला की सगळे चिडीचूप. शिवी नाही, हुर्यो नाही, काही नाही. त्या चिडीचूप बसण्याला पोरं शिवीपेक्षा जास्त भ्यायची. ठेका धरायचा मान नत्थूजीचा. त्याचा धोटा वाजल्याशिवाय दुसऱ्याचा वाजत नसे.

त्या वर्षी फायनल आली कामठीशी, आणि ठेल्यावर भांडण पेटलं. सेक्रेटरी मनोहररावाने कुहीकडचा रुपराव नावाचा एक पोरगा टीममध्ये आणला होता. शेतकऱ्याचा पोर, ताडमाड उंच, डोक्याने गोल मारणारा. सेमीफायनल त्यानेच काढून दिली होती. मनोहररावाचं म्हणणं, फायनलला कप्तान रुपरावच, आणि बॉल लांब मारायचा तो थेट त्याच्या डोक्यावर. नत्थूजीच्या अंगाचा तिळपापड झाला. धानाच्या बांधीतल्या चिखलातून उठून आलेला माणूस विणकरांचा कप्तान? मग क्लबाची पाटी तरी कशाला ठेवता, उतरवून चुलीत घाला, असं तो भर ठेल्यावर म्हणाला. त्याच्या शेजारच्या घरातला शालिकराम भीत भीत बोलला की जिंकल्यावर कोण विचारते कसे जिंकले म्हणून. त्याला नत्थूजीने असं झापलं की बिचाऱ्याचा चहा तसाच राहिला. शेवटी ठरलं नत्थूजीच्या मनासारखं. कप्तान तांडापेठेचाच. आणि तांडापेठेचा म्हणजे कोण, तर नत्थूजीचा पोरगा बळीराम.

बळीरामाला कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. उमरेडच्या कोळसा खाणीवाले आपली फुटबॉलची टीम उभी करत होते आणि फायनल बघायला त्यांचा साहेब येणार होता. जो पोरगा नजरेत भरेल त्याला खाणीत पक्की नोकरी. नत्थूजीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला तर नोकरी पोरापेक्षा जास्त हवी होती. हातमागाच्या लुगड्याला आता गिऱ्हाईक कुठे राहिलं होतं? घरातला दुसरा माग कधीचा बंद पडला होता. बळीराम मॅट्रिक झाल्यापासून नत्थूजीने त्याला मागाला हात लावू दिला नव्हता. या घरात मागावर बसणारा मी शेवटचा, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला छातीवर हात ठेवून सांगायचा.

फायनलच्या दिवशी सकाळी बळीराम बापासमोर येऊन बसला. एरवी तो बापाशी मोजकंच बोलायचा.

“बाबा, खाणीच्या साहेबाले मंधात खेळणारा, लंबा बॉल मारणारा हाफ पाहिजे. मनोहररावांनी मले सांगतलं. आज मले माह्या मनानं खेळू द्या.”

“खेळ ना गा. म्या काय तुहे पाय धरले काय?”

“तुमचा धोटा वाजला का माहे पाय मोकळे राहत नाहीत. लहानपणापासून तसंच हाये. आजच्या दिवस धोटे घरी ठेवा.”

चुलीपाशी बसलेल्या अनुसयेने हातातलं काम थांबवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. नत्थूजीला ते बोलणं झोंबलं, पण पोराचा चेहरा बघून तो नरमला. बरं, नाही आणत, म्हणाला. दोन्ही धोटे त्याने अनुसयेच्या समोर खुंटीवरच्या पिशवीत टाकले आणि रिकाम्या हातांनी कस्तुरचंद पार्काच्या मैदानावर गेला.

तिथे एका बाजूला खुर्च्या मांडल्या होत्या आणि खाणीचा साहेब मनोहररावाशेजारी बसला होता. खेळ सुरू झाला. बळीरामाने पहिलाच बॉल लांब भिरकावला, तांडापेठेची माणसं गप्प. दुसराही लांबच, पुन्हा गप्प. तिसरा नेमका रुपरावच्या डोक्यावर पडला आणि गोल झाला. साहेब खुर्चीत पुढे सरकून बसला, त्याने मनोहररावाला बळीरामाकडे बोट दाखवून काही विचारलंसुद्धा. तांडापेठेने टाळ्या वाजवल्या, पण उधारीच्या. जो तो नत्थूजीच्या हाताकडे बघत होता. नत्थूजी, आज हात काहून रिकामे, असं कुणी ना कुणी विचारायचं, आणि हा तोंड फिरवायचा.

हाफटाइमच्या आधी कामठीने गोल फेडला. त्यानंतर मागे उभा असलेला एक कामठीवाला हसत हसत म्हणाला, “काय गा, तुमची टीम तं आता आमच्यावानीच खेळून राहिली. मंग तांडापेठेची टीम कोनती?”

तो सहज बोलला असेल, पण नत्थूजीच्या ते थेट काळजात घुसलं. जन्मभर ज्याच्यासाठी भांडलो ते आपल्याच पोराच्या पायाने बुडतंय, एवढंच त्याला दिसत होतं. सकाळचा शब्द आठवला नाही असं नाही. आठवला, पण त्याने मनाशी म्हटलं, खरा खेळ बघितला तर साहेब तरी कशाला नाही म्हणेल? त्याने शालिकरामाच्या हातातले धोटे हिसकावून घेतले. एका पोराने चुकून जमिनीवरून पास दिला आणि नत्थूजीने धोटा आपटला, खट्. बस्स. त्याचीच वाट बघत असल्यासारखे सगळे धोटे वाजले.

बळीरामाने वळून बघितलं. बापाला गर्दीत शोधायला त्याला वेळ लागला नाही.

मग काय खेळ झाला! पोरांच्या पायांना जुनी सवय आठवली आणि बॉल जमिनीला चिकटून फिरू लागला. कामठीवाले नुसते मागे धावत होते. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. रुपराव पुढे एकटा हात वर करून उभा, त्याच्याकडे कुणी बघेना. बघणाऱ्याने बघत राहावं असा खेळ, पण गोल काही होत नव्हता.

खेळ संपत आला असताना बॉल बळीरामाकडे आला, आपल्याच गोलच्या तोंडाशी. कामठीचे दोघं अंगावर येत होते. एक सणसणीत लाथ घालून बॉल लांब फेकायचा, दुसरं काही नाही. त्याने पाय उचललाही. सगळं मैदान ठेका धरून होतं, खट्, खट्, आणि नत्थूजी सर्वांत पुढे. बळीरामाचा उचललेला पाय खाली आला. त्याने बाजूच्या बॅककडे जमिनीवरून छोटा पास दिला, तो कामठीच्या पोराने मधेच उचलला आणि गोल केला. धोटे थांबले. थोड्या वेळाने शिट्टीही वाजली.

साहेबाने रुपरावचं नाव घेतलं आणि कामठीच्या एका पोराचं. बळीरामासाठी मनोहररावाने हात जोडले. साहेब म्हणाला, पोरगा चांगला आहे, पण बाहेरच्या आवाजावर पाय बदलणारा कप्तान मला नको.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कालपर्यंत नत्थूजीची री ओढणारे आता एकमेकांची तोंडं बघत होते. मनोहररावाने सगळ्यांसमोर साहेबाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाला, मॅच कामठीने नाही जिंकली, धोट्यांनी हरवली. सगळे नत्थूजीच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढंच म्हणायचं होतं की माझी चूक झाली. पण त्या बाकड्यावर बसून नत्थूजी असं कधी बोलला नव्हता, आणि ते बोलायचं कसं हेही त्याला माहीत नव्हतं.

“आपल्या खेळात खोट नाही,” तो म्हणाला. “पोरगंच कच्चं निंगालं.”

कुणीतरी खाकरलं. नत्थूजीने मान वळवली तर मागे बळीराम उभा होता. क्लबाची धुतलेली जर्सी तो मनोहररावाला परत करायला आला होता. त्याने जर्सी बाकड्यावर ठेवली, बापाकडे बघितलंही नाही, आणि चालू पडला. नत्थूजीला त्याच्यामागे जायचं होतं. पण उठलो तर मनोहररावाचं खरं ठरेल, म्हणून तो बसून राहिला आणि जुन्या मॅचींच्या गोष्टी सांगत सुटला. ऐकणारे एकेक करून उठले. बाबनरावने समोरचे रिकामे गिलास उचलले तेव्हा कुठे तो घराकडे निघाला.

घराच्या गल्लीत शिरतानाच त्याला आवाज आला. खट्. मग पुन्हा खट्. त्याला वाटलं, शेजारी शालिकरामाचा माग चालू असेल. पण आवाज त्याच्याच घरातून येत होता. बंद पडलेल्या मागावरची धूळ झटकली होती, नत्थूजीच्या मागावरचं सूत अर्धं तिकडे घेतलं होतं, आणि मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बळीराम बसला होता. लहानपणी शिकलेलं विसरला नव्हता. अनुसया दारात उभी होती, ती आत जायला वाट देईना.

“ऐका आता,” ती म्हणाली. “मन भरेस्तोवर ऐका.”

नत्थूजी ओसरीवर टेकला. आत धोटा इकडून तिकडे पळत होता. ठेका अगदी बरोबर पडत होता, आणि त्यात चूक काढायला नत्थूजीला काही सापडेना.