शांतिपात्र आणि मावशींची बादली

काचघराच्या दाराशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. माळी, हमाल, रोपे न्यायला आलेली गिऱ्हाइके, सगळे भिंतीवरच्या पडद्याकडे टक लावून होते. आत मालकांनी काचघरातला उष्मा उतरवायला बोलावलेल्या बाबांनी डोळे मिटले, तांब्याचे शांतिपात्र लोखंडी टेबलावर उपडे घातले आणि थोड्याच वेळात तापमानाचा लाल आकडा हिरवा झाला. तीसचे चोवीस!

"अग्नी शमला!" बाबा गरजले. "काल या बाईने पुसायला म्हणून पात्र उचललं आणि पुन्हा भडकला. पायगुण हिचा!"

ही बाई म्हणजे पाणी घालणाऱ्या मावशी. वीस वर्षे त्यांनी इथली रोपे वाढवली. आज मालकांनी त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली होती. उद्यापासून यायचे नाही.

मी या काचघरात तापमान मोजणाऱ्या डब्या बसवणारा मेकॅनिक. बॅटऱ्या बदलायला आलो होतो. पात्र माझ्याच एका डबीवर पालथे घातलेले पाहिले आणि आधी हसू आले, मग लाज वाटली.

"बाबा, ही जागा कशी सापडली?"

"तीन दिवस पात्र घेऊन फिरलो. ऊर्जेने इथे खूण दिली."

म्हणजे पडदा हिरवा होईपर्यंत फिरले! चिकाटी मात्र मानली पाहिजे.

"मालक, मावशी बाहेर थांबतील. पात्र तुम्ही उचला."

त्यांनी उचलले. आकडा लाल.

"मालक, पायगुण तुमचाही!" मागून कोणीतरी म्हणाले आणि गर्दी खिदळली.

"शक्ती भंगली," बाबा पुटपुटले.

मी मावशींची चिखलाने माखलेली पत्र्याची बादली घेतली आणि त्याच डबीवर पालथी घातली. आकडा हिरवा!

"अगं बाई!" दारातून मावशी म्हणाल्या. "माझी बादली सिद्ध झाली की!"

मग मी सांगितले, "दारापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत रांगेत पाच डब्या आहेत. बॅटरी वाचावी म्हणून प्रत्येक डबी आपला आकडा फक्त दाराकडच्या शेजारणीला कळवते, ती पुढचीला. शेवटी सगळ्यांची सरासरी पडद्यावर येते. ही मधली, तिसरी. धातूचं भांडं घातलं की तिचा निरोप अडकतो आणि चौथी-पाचवीचाही. उरतात दाराजवळच्या दोन गार डब्या. सरासरी त्यांचीच."

"मग मागच्या कोपऱ्यात काय चाललंय?" मालकांचा चेहरा उतरला.

"आठवडाभर तेच सांगतेय," मावशी म्हणाल्या. "काचघराला ऊब देणारा गरम पाण्याचा नळ बंदच होत नाही, रोपं करपताहेत. पण माझं ऐकतो कोण?"

मालक धावले. दोन ओळी जळून गेल्या होत्या, बाकीच्या वाचल्या. नळ दुरुस्त होईपर्यंत बाबा पसार झाले होते, पात्रही न घेता. मालकांनी सगळ्यांसमोर मावशींची माफी मागितली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. पात्रात आता मावशींनी एक रोप लावले आहे.

माझी लाजही सांगतो. निरोप आला नाही तर ती डबी सरासरीत धरायचीच नाही, ही सोय मीच केली होती. आता कोणती डबी गप्प आहे, ते पडद्यावर दिसते.

चमत्काराला नमस्कार करायचाच असेल तर खुशाल करा, पण आधी कोपऱ्यापर्यंत चालत जा, हात लावून बघा. आणि कोणाचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचलेच नाही, ते विचारा.