एक रिंग

"पोरी, माझा संघदीप मले मिसकॉल देऊन राहिला," अंजनामावशी म्हणाल्या आणि माझ्या हातातला चहा कीबोर्डवर सांडला.

संघदीप हा त्यांचा मुलगा, माझ्याआधी याच खुर्चीवर बसायचा. उन्हाळ्यात गोरेगाव रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली आणि तो जागच्या जागी गेला. त्याचं अर्धवट काम दिवाळीनंतर माझ्या गळ्यात पडलं. फुलचूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मोबाइल अ‍ॅपसाठी लायब्ररी बनत होती, म्हणजे कुठल्याही अ‍ॅपला वापरता येईल असा तयार कोड. नहराला, म्हणजे कालव्याला, पाणी सुटलं की शेतकऱ्याला मिसकॉल जावा, एवढंच तिचं काम. रोज सायंकाळी घरी निघताना मी तिच्या युनिट टेस्ट चालवायची. कोडचा एकेक तुकडा नीट चालतो का, ते त्या तपासतात. सगळ्या ओळी हिरव्या दिसल्या की मी पर्स उचलायची.

"कोणी मस्करी करत असेल हो, मावशी."

"नाव येते ना फोनवर! मले वाचता येते." दवनीवाड्याहून एसटीनं आलेल्या बाईला माझी समजूत नको होती. "एक रिंग वाजते न् बंद. थो होता तवाबी असाच द्यायचा. सांजचा खोलीवर पोचलो, असं समजायचं. थो गेला न् बंद झालं. दिवाळी झाली न् परत सुरू."

दिवाळी झाली म्हणजे मी या खुर्चीवर बसले तेव्हापासून.

"आमी बुद्धाचे माणसं, भूतबीत मानत नाई," मावशी चिडून म्हणाल्या. "पण शेजारची सुशिलाबाई माझ्या आंगनात पाय ठेवत नाई आता. न् मी येडी, कॉल आला का त्याचं ताट वाढून राहिली. सांग, कोन देऊन राहिला?"

तेवढ्यात आमचे साहेब, धनेंद्रभाऊ, आतून ओरडले, "भूमेश्वरी, पहले टेस्ट चला दे! आज कोड पाठवायचा आहे पार्टीला."

मावशींना बसवून मी टेस्ट चालवल्या. हिरव्या ओळी भराभर वर सरकू लागल्या. आणि मावशींच्या मांडीवरच्या पिशवीत फोन वाजला. एकच रिंग. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. संघदीप. भर दुपार होती, बाहेर रिक्षावाले भांडत होते, तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

मी कोड उघडला. टेस्टमध्ये खोटा नंबर घालून भागवतात, खरा फोन कोणी लावत नाही. या बाबानं सरळ आईचा नंबर घातला होता! टेबलाखाली वायरींच्या गुंत्यात कॉम्प्युटरला जोडलेला एक जुना फोन निघाला. सिम त्याचंच, वर्षभराचं रिचार्ज मारलेलं. कामाच्या नादात आईला विसरू नये, म्हणून गड्यानं रोजचा मिसकॉल टेस्टवरच सोपवला होता. मला हसू आलं आणि रडूही आलं.

मी सगळं समजावून सांगितलं. मावशींनी वाकून टेबलाखालचा तो जुना फोन पाहिला.

"म्हंजे तू देऊन राहिली होती."

"मी नाही, मावशी. केलंय त्यानंच. मी फक्त बटन दाबते."

धनेंद्रभाऊ दारात येऊन ऐकत होते. "मौसी, बुरा मत मानना," ते हळू आवाजात म्हणाले, "पण खरा नंबर नाही ठेवता येत. काढावा लागेल."

मला वाटलं, आता ही बाई कोसळणार. त्यांनी पदरानं आपला फोन पुसला.

"काढ. पण एकडाव जास्त वाजू दे. मले कदी उचलूच नाई देल्लं त्यानं."

मी रिंगेची वेळ वाढवली आणि बटन दाबलं. फोन वाजला, वाजत राहिला. मावशींनी उचलून कानाला लावला.

"संघदीप, जेवला का रे?"

टेबलाखालून त्यांचाच आवाज बारीक होऊन आला. जेवला का रे?

मी पडद्याकडे पाहिलं. फोन कोणी उचलला नाही, तरच ती टेस्ट पास व्हायची. आज पहिल्यांदाच तिची ओळ लाल झाली. टेस्ट फसली तर पडद्यावर काय दाखवायचं, ते लिहिणारा आधीच लिहून ठेवतो. संघदीपनं लिहून ठेवलेलं ते मी दोनदा वाचलं.

"काय मनते?" फोन अजून मावशींच्या कानालाच होता.

मी वाचून दाखवलं. "आई, उचलू नोको ना. पोचलो मी."

"बरं," मावशी फोनमध्ये म्हणाल्या आणि त्यांनी तो बंद केला.