मधवालीचं पुस्तक

वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा तिथे लिहिणाऱ्या सायकाल आणि बर्मेत एकाच दिवशी घरी बसल्या. सायकालने मग समोर येईल ते लिहायला घेतलं. पाण्याचे पंप, मुतखडा, कुत्र्यांचं खाणं, थडग्यांचे दगड, लग्नात सासऱ्याने करायचं भाषण. आठवडाभर एका विषयात गळ्यापर्यंत बुडायचं आणि सोमवारी दुसऱ्यात. बर्मेतने मात्र एकच धरलं, नारीन भागातला पांढरा मध. बारा वर्षं ती मधपाळांमागे डोंगर तुडवत होती. आता सगळं बिश्केक शहर तिला मधवाली बर्मेत म्हणे, रेडिओवरून बोलावणी येत. सायकालला काय म्हणणार? पंपवाली?

बर्मेतचं पुस्तक छापायला निघालं आणि मलपृष्ठावरचा मजकूर लिहायचं काम नेमकं सायकालकडे आलं. नाही म्हणता आलं असतं. पण पुस्तक फसलेलं असेल तर ते सगळ्यांत आधी आपल्याला कळावं, एवढ्यासाठी तिने हो म्हटलं. सोमवारी प्रूफं आली. पुस्तक चांगलं होतं. इतकं चांगलं, की मधूनमधून ती उठून खिडकीशी जाऊन उभी राही.

आणि रात्री, शेवटून दुसऱ्या प्रकरणात तिला ते सापडलं. तीन महिन्यांच्या बाळाला खोकला झाला तर सकाळ-संध्याकाळ बोटभर मध चाटवावा, असं बर्मेतने लिहिलं होतं. गेल्याच हिवाळ्यात सायकालने मुलांच्या एका दवाखान्यासाठी पत्रक लिहिलं होतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. क्वचित का होईना, त्यातून आतड्यात विष तयार होतं, बाळ लुळं पडतं. बारा वर्षं मधात घालवलेल्या बाईला जे ठाऊक नव्हतं, ते तिला आठवडाभराच्या कामातून ठाऊक होतं.

तिने चहा केला, लागोपाठ तीन वाट्या प्यायली. मलपृष्ठाचा मजकूर भरभरून कौतुकाचा लिहिला आणि पाठवून दिला. चुकीबद्दल अवाक्षर नाही. प्रकाशनाच्या दिवशी एखादा डॉक्टर उठून उभा राहतोय आणि बर्मेतचा चेहरा उतरतोय, हे चित्र तिने दोन दिवस मनात घोळवलं.

बुधवारी ती कुत्र्यांच्या खाण्यावर लिहायला बसली, पण ओळ पुढे सरकेना. पंपवालीने असं काही लिहिलं असतं तर कुणी मानलं नसतं. मधवालीने लिहिलेलं सगळे मानणार. नारीनच्या सुना ते पान उघडून बाळाच्या तोंडात बोट घालणार. तिने फोन उचलला.

बर्मेतला पत्रकातलं सगळं सांगितलं. बर्मेत म्हणाली, “माझ्या आईने आम्हा पाचही भावंडांना चाटवलाय गं.”

“तुम्ही जगलात म्हणून ते बरोबर ठरत नाही. काढ ते.”

बर्मेतने ते काढलं. एवढंच नाही, प्रकाशनाच्या दिवशी व्यासपीठावरून स्वतःच सांगितलं, की माझ्या हातून मोठी चूक होणार होती, एका जाणकार मैत्रिणीने वाचवलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, बर्मेतच्या मनमोकळेपणाला. शेजारची म्हातारी सायकालला म्हणाली, केवढी मोठ्या मनाची बाई. सायकाल मान हलवत राहिली.

नंतर गरम बोरसोक पुऱ्यांची ताटली घेऊन बर्मेत तिच्या शेजारी येऊन टेकली.

“प्रूफं तुला सोमवारी मिळाली होती,” ती हळूच म्हणाली. “फोन बुधवारी आला.”

सायकालच्या हातातला घास तसाच राहिला. कामं होती, असं ती म्हणणार होती.

“मी तुझ्या जागी असते तर आठवडा लावला असता,” बर्मेत म्हणाली. “खा. गार होतंय.”

सायकालला हसू आलं नाही. उलट वाटलं, हेव्याची कबुलीही हिला माझ्याआधी देता आली. पण ती उठून गेली नाही. दोघींनी ताटली संपवली आणि बर्मेत सह्या करायला गेली.