गुडघेबाबांचा सरळ रस्ता

चारकोपच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जमलेल्या बहुतेकांची तक्रार पायाचीच होती. गुडघेबाबा मोरपीस फिरवत, काहीबाही पुटपुटत, आणि काठी टेकत आलेला माणूस लाल गालिच्यावरून ताठ चालत मागच्या दाराने बाहेर पडे. अटी दोनच. आधी दोन-तीन आठवडे पाय उशीवर ठेवून घरी पडायचं, आणि चालताना मागे वळायचं नाही. नजरेचा उतारा टाकून येताना कोकणातली माणसं मागे बघतच नाहीत, आणि हॉलमध्ये बरीच कोकणातलीच होती, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

श्रुतिकाही तशी पडून राहिली होती. कबड्डीत चढाई करताना तिचा गुडघा पिरगळला, आतून कट्‌ असा आवाज आला आणि तासाभरात टम्म सुजला. रविवारी अंतिम सामना होता, म्हणून तिचे प्रशिक्षक नाना तिला इथे घेऊन आले. संघातली जुनी खेळाडू ॲनेट, आता हाडांची डॉक्टर, कुरकुरत सोबत आली होती.

श्रुतिका गालिच्यावरून चालली. दुखलं नाही. टाळ्या पडल्या, नानांचे डोळे भरून आले, आणि तिला तर तिथल्या तिथे चढाई करावीशी वाटली.

"वळू नकोस, पोरी. शक्ती गळून जाईल," बाबा म्हणाले.

"मग ही चढाई कशी करणार?" ॲनेटने विचारलं.

बाबांनी विश्वातल्या ऊर्जेचं पुराण लावलं. ते रंगात येईपर्यंत ॲनेटने श्रुतिकाला गालिच्यावर आडवं केलं होतं. आधी धड आणि मग दुखऱ्या पायाचा गुडघा किंचित वाकवून तिने एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. धड पाय जागीच अडला. दुखरा मात्र टेबलाच्या ढिल्या खणासारखा सरकत पुढे आला. वाकून बघणाऱ्या नानांचा चेहरा उतरला.

मग ॲनेटने सगळ्यांना समजेल असं सांगितलं. गुडघ्यातला दोर, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा अस्थिबंध, नुसता ताणला गेला तर दुखतं, पण सांधा घट्ट राहतो. अर्धवट फाटला तर थोडा ढिला होतो. पूर्ण तुटला तर ताणायला काही उरतच नाही, म्हणून सूज उतरली की बऱ्याचदा दुखणंही जातं. श्रुतिकाचा पूर्ण तुटला होता. ती सूज उतरते उशीवरच्या आरामाने. सरळ चालायला हा दोर फारसा लागत नाही, वळायला लागतो. वळताना गुडघा दगा देतो आणि बाबांचं पितळ उघडं पडतं, म्हणून ती बंदी.

बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. मागच्या दाराने तेच आधी निघून गेले.

श्रुतिकाला रडू आवरेना. रविवारी उतरले तर काय होईल, तिने विचारलं.

"दोन हाडांमधली गादीपण फाटेल. मग कदाचित कायमचंच बसावं लागेल, यार," ॲनेट म्हणाली.

शेवटी श्रुतिकानेच आपल्या जागी राखीव खेळाडू मीराला उतरवायला सांगितलं. "एक सामना जाऊ दे, नाना. मला अजून खूप खेळायचंय."

दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. गुडघा पिरगळला तर दोन्ही पाय ताडून बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. आणि कुणी एखादी गोष्ट करून बघायला मनाई केली, तर का, हे तिथेच विचारा.