लांबूचा परवाना

ऑपरेशनला न्यायला वॉर्डबॉय आला, तेव्हा सासऱ्यांनी बायकोचा नाही, सुनेचा हात धरला.

"लांबूचा परवाना आजच झाला पाहिजे. दुपारी मुदत संपते."

वॉर्डबॉयला वाटलं, गुंगीचं औषध चढलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "छाती उघडायला निघालेत आणि जीव अडकलाय त्या सवतीत!"

सवत म्हणजे संगणकावरचा फुटबॉलचा खेळ. सासरे गोदीत क्रेन चालवून निवृत्त झाले होते. त्यांनी आणि जुन्या सोबत्यांनी मिळून इंटरनेटवर एक लीग सुरू केली होती. प्रत्येकाचा एक क्लब. खेळाडू विकत घ्यायचे, संघ निवडायचा, आणि सामना संगणक खेळणार. त्यातलं घड्याळ सगळ्यांसाठी एकदमच पुढे सरकायचं. कुणाच्या दुखण्यासाठी ते थांबत नव्हतं. लांबू हा सासऱ्यांनी नुकताच विकत घेतलेला परदेशी खेळाडू. ताडमाड उंच, डोक्याने गोल करणारा. पण परदेशी खेळाडूला खेळातल्या सरकारचा कामाचा परवाना लागतो, आणि तो मिळतो स्वतःच्या देशाकडून पुरेसे सामने खेळलेल्यालाच. लांबूचा गेला मोसम गुडघ्याच्या दुखापतीत वाया गेला होता.

"अर्ज टाक. नाकारला तर अपील कर. अपील एकदाच करता येतं, तेव्हा कारण नीट…" सासरे सांगत होते, तेवढ्यात स्ट्रेचर वळलं आणि दार बंद झालं.

कारण कुठलं, ते आतच राहिलं.

सून दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळायची. लग्न होऊन वर्ष झालं होतं, पण सासऱ्यांशी तिचं बोलणं "चहा ठेवू का?" आणि "ठेव" याच्या पुढे गेलं नव्हतं. नवरा जहाजावर, त्याला पोचायला चार दिवस लागणार होते. तिने मांडीवर सासऱ्यांचा लॅपटॉप उघडला. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

अर्ज टाकला. नाकारला गेला. "राष्ट्रीय संघाकडून पुरेसे सामने नाहीत."

मग अपील. पडद्यावर दोन कारणं आली: "नामांकित खेळाडू" आणि "होतकरू खेळाडू". यातलं एकच निवडायचं. ती नुसती बघत बसली. ऑपरेशन थिएटरचं दार उघडायचं, कुणीतरी हिरव्या कपड्यातलं बाहेर यायचं, सासूबाई अर्धवट उठायच्या आणि तो माणूस दुसरीकडेच निघून जायचा.

"आई, लांबू नामांकित आहे की होतकरू?"

"मला काय विचारतेस? माझं सगळं लक्ष त्या दाराकडे लागलंय."

सुनेचंही लक्ष दाराकडेच होतं. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता, आणि इथे निदान एक बटण तरी दाबण्यासारखं होतं. पोरगं वयाने लहान दिसतंय, असं म्हणून तिने "होतकरू" निवडलं.

थोड्या वेळाने नर्स सांगून गेली, "अजून वेळ लागेल. एक रक्तवाहिनी जास्त जोडावी लागतेय." सासूबाईंनी सुनेचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तेवढ्यात लॅपटॉप टुणकन वाजला.

अपील फेटाळलं होतं.

परवाना आणि सासरे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे तिला कळत होतं. तरी तिने लॅपटॉप मिटला आणि कितीतरी वेळ वर हात दाबून ठेवला, जणू आतली बातमी बाहेर पडेल.

संध्याकाळी सर्जन आले. ऑपरेशन पार पडलं होतं. "पण अजून धोका टळलेला नाही. त्यांना कसलाही ताण देऊ नका," त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी काढल्यावर दोघींना आत सोडलं. सासरे निम्मे झाल्यासारखे दिसत होते. ओठ हलले. "लांबू?"

"मिळाला हो परवाना!" सासूबाई घाईघाईने म्हणाल्या.

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. खोटं बोलायला तिने तोंड उघडलंही. पण बरे झाल्यावर हे लॅपटॉप उघडणार, आणि त्यानंतर या घरात तिचा कुठलाच शब्द ते खरा मानणार नाहीत, हे तिला लख्ख दिसलं.

"नाही मिळाला, बाबा. अपीलही फेटाळलं."

हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र भराभर वाजायला लागलं. नर्स धावत आली आणि दोघींना बाहेर काढलं.

बाहेर येताच सासूबाई तिच्यावर उसळल्या. "मोठी आलीस हरिश्चंद्राचा अवतार! काही झालं तर?"

सून भिंतीला टेकून उभी राहिली. काचेतून फक्त पडदा दिसत होता. आपण माणूस मारला, असं तिच्या मनात आलं आणि जाता जाईना.

शेवटी नर्सने पडदा सारला. "या. सुनेला बोलावताहेत. पण शांतपणे."

"कारण कुठलं दिलंस?" सासऱ्यांनी विचारलं.

"होतकरू."

त्यांनी डोळे मिटले. सुनेने झटकन यंत्राकडे पाहिलं.

"मीही तेच दिलं असतं," ते म्हणाले. श्वास घेऊन हळूहळू पुढे बोलले, "त्याला बाहेरच्या देशातल्या क्लबाकडे उसना पाठव. उसना पाठवायची मुदत अजून आहे. दोन मोसम तिथे खेळेल, देशाच्या संघात जाईल. मग परवाना कसा देत नाहीत ते बघतो."

"दोन मोसम म्हणजे किती, बाबा?"

"आमच्या लीगमध्ये? दीडेक वर्ष. तोवर तू ऑफसाइड म्हणजे काय ते शीक."

बाहेर येऊन तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून रडल्या. सुनेने बाकावर लॅपटॉप उघडला. लांबूला घ्यायला परदेशातले तीन क्लब तयार होते. तिने पहिल्यावर बोट नेलं.

"थांब," सासूबाई शेजारी सरकून चष्मा शोधत म्हणाल्या. "यातल्या कुठल्या देशात थंडी कमी आहे? पोरगं गुडघ्याच्या दुखण्यातून उठलंय."