नावाआधीचा खंजीर

खलाशी संघटनेच्या कार्यालयात सभासदांची यादी करणाऱ्या बाईंना सगळे टायपिस्टबाई म्हणत. वारलेल्या सभासदाच्या नावाआधी छोटा खंजीर (†) छापायची तिथली रीत. कीबोर्डवर हे चिन्ह शोधून सापडत नाही. आल्टचं बटण दाबून धरायचं, उजवीकडच्या आकड्यांवर शून्य, एक, तीन, चार मारायचं आणि आल्ट सोडायचं. की खंजीर उभा. बाईंना हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की चहा पिता पिता दहा-बारा माणसं मारून त्या मोकळ्या व्हायच्या.

त्याच यादीत त्यांच्या नवऱ्याचंही नाव होतं. जहाजावरचा मेकॅनिक. चार वर्षांपूर्वी एका बंदरात पाय मोकळे करायला उतरला, तो परत चढलाच नाही. ना फोन, ना पत्र, ना प्रेत.

यंदा सेक्रेटरींनी नवा नियम काढला: तीन वर्षं ज्याचा पत्ता नाही, त्याचं नाव कमी. नियम काढणाऱ्यांचं काय जातं, त्यांची माणसं संध्याकाळी घरी येतात.

"आणि वारलेल्यांचं?" बाईंनी विचारलं.

"त्यांचं कसं कमी करणार? ते कायमचे सभासद."

म्हणजे तो जिवंत आहे म्हणावं तर नाव जाणार, आणि नाव राखावं तर आपल्याच हाताने त्याला मारायचं. घरी सासूबाई दरवर्षी यादी आली की चष्मा लावून मुलाच्या नावावर बोट ठेवत आणि "आहे" एवढंच म्हणत. त्यांना ती जागा रिकामी दाखवायची बाईंची छाती नव्हती.

दुपारभर त्यांचा हात धजेना. शेवटी त्यांनी शक्कल लढवली. खंजीर उमटवला आणि लगेच त्याला पांढरा रंग दिला. पांढऱ्या कागदावर पांढरं, कुणाच्या बापाला दिसणार नव्हतं. नावं कमी करताना कुणाला खंजीर आहे हे शोधायचं काम सेक्रेटरी संगणकावर सोडत, आणि संगणकाला रंगाशी देणंघेणं नव्हतं. नाव राहिलं.

पण यंदा यादी मोबाइलवरही गेली. ती चढवणाऱ्याने नुसता मजकूर उचलला. संगणक चिन्हाचा फक्त नंबर जपतो. रंग हा वरचा मुलामा, तो वाटेतच गळाला. सगळ्यांचे खंजीर काळे उतरले, तसा त्याचाही.

बाई घरी आल्या, तेव्हा सासूबाई मोबाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"बातमी कधी आली?" त्यांनी विचारलं.

"कसली बातमी, आई? बातमी काहीच नाही. नाव काढणार होते, म्हणून मीच ते..."

"कधी आली ते सांग."

बाईंनी नियम सांगितला, पांढरा रंग सांगितला, शपथ घेतली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना जवळ ओढलं.

"माझ्यासाठी लपवलंस ना? किती दिवस एकटीने सोसलंस गं."

चार वर्षं न रडलेली ती म्हातारी ओक्साबोक्शी रडायला लागली. बाई "नाही आई, नाही" म्हणत राहिल्या. सासूबाईंचा हात त्यांच्या पाठीवरून फिरत होता, विधवेच्या पाठीवरून फिरावा तसा. थोड्या वेळाने बाईंचं "नाही" थांबलं, आणि त्याही नवऱ्यासाठी रडू लागल्या.