घमेलं वाजलं आणि चिमी आली

मी एक जुनं घमेलं आहे, मित्रांनो! लोखंडी आहे, कडा चेपल्या आहेत, पण बुडाला अजून एकही भोक नाही. याची मला भारी ऐट आहे.

आर्णीच्या बाजारातून लीलाबाईंच्या घरी आलो, तेव्हा मी नवाकोरा होतो. या घराच्या भिंतींचा गारा मी वाहिला, शेणखत वाहिलं. पण माझं लाडकं काम संध्याकाळचं. लीलाबाई माझ्यात सरकीची ढेप भिजवायच्या आणि विळ्याने माझी कड वाजवायच्या. टण्‌ टण्‌! की नाल्यापलीकडे चरणाऱ्या शेळ्या उड्या मारत घरी हजर.

मग एक दिवस निळा प्लास्टिकचा टब आला. हलका, देखणा. मी भंगाराच्या ढिगावर गेलो. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्याच संध्याकाळी लीलाबाईंनी टब वाजवला. थप थप. एकही शेळी फिरकली नाही! त्यात वरच्या अंगाला जोराचा पाऊस झालेला, नाल्याचं पाणी वाढू लागलेलं.

"कपिल, नाला चढून राह्यला ना रे! माही चिमी तिकडंच हाये!" लेकाला सांगताना लीलाबाई रडकुंडीला आल्या. चिमी म्हणजे आई मेलेलं शेळीचं पिल्लू. लीलाबाईंनीच त्याला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं.

त्यांची सून अनघा म्हणाली, "आई, शेळ्यांना हा आवाज कळतच नसेल. आपलं जुनं घमेलं कुठंय?"

कपिलने मला ढिगातून ओढलं आणि नाल्याकडे धूम ठोकली. मागोमाग लीलाबाई टबातली ढेप घेऊन धावल्या. टण्‌ टण्‌! इतक्या जोरात मी जन्मात वाजलो नसेन. मोठ्या शेळ्या झुडपांतून निघाल्या आणि पुलावरून धावत आल्या. चिमीने मात्र सरळ नाल्यात उडी घेतली आणि मधल्या उंचवट्यावर अडकली. कपिल काठावरच्या झाडाला बांधलेला दोर कमरेला बांधून पाण्यात उतरला, तर ती बिचकून खोल पाण्याकडे सरकू लागली.

"थांब! हे ढेपीचं घमेलं घे अन् ढकल तिच्याकडं," लीलाबाई ओरडल्या. "तिले माह्याबिगर दुसऱ्या मानसाचं भेव वाट्टे, घमेल्याचं नाही!"

आणि मित्रांनो, मी तरंगलो! चिमीने ढेपीचा वास घेतला आणि टुणकन माझ्यात उडी मारली. मी डुगडुगलो, पाणी माझ्या कडेपर्यंत आलं, पण कलंडलो नाही. कपिलने एका हाताने दोर धरला, दुसऱ्याने मला लोटलं. काठावर लीलाबाईंनी चिमीला उराशी धरलं आणि ओल्या हातांनी मलाही कुरवाळलं.

अनघा आर्णीच्या कॉलेजात मराठी शिकवते. शब्द कुठून आले हे शोधायचं तिला वेडच. घरी येताच तिने मोबाइलवर शोधलं आणि ओरडलीच, "आई, घमेलं हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय! त्यांचं 'गामेला' म्हणजे जनावरांना खायला घालायचं लाकडी भांडं. आणि त्यांच्या शेजारी, स्पेनमधल्या गॅलिसियात सपाट बुडाच्या छोट्या होडीला गामेला म्हणतात!"

"होडी?" लीलाबाई हसल्या. "मंग त्या लोकायनंही कवा शेळीच काढली असन नाल्यातून!"

मी तर थरारून गेलो. एका संध्याकाळी मी माझ्या नावाचे दोन्ही अर्थ जगलो होतो, तेही समुद्र न पाहता!

आता टबात कपडे भिजतात आणि संध्याकाळी मी वाजतो. मित्रांनो, एखादी जुनी वस्तू भंगारात टाकण्याआधी तिला एकदा वाजवून बघा. तिच्या आवाजावर घरी येणारं कुणीतरी असतं.